अक्षरी रुपये

सेलूच्या मोंढ्यात जुना बोर्ड उतरवताना
पत्रा लागला पायाला. रक्त फार नव्हतं.
"धनुर्वाताची लस घेऊन टाक," दुकानदार म्हणाला,
म्हणून गेलो, पैसे मोजून घेतली.
मी स्टुलावर बसलेला, सिस्टर उभी.
बाही तंग, वर सरकेना,
तर कॉलरीकडूनच शर्ट खाली ओढला.
हाडाच्या टोकापासून तीन बोटं सोडून टोचायची असते सुई.
एकही सोडलं गेलं नाही.

हे तीन बोटांचं मला नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं,
फार नंतर.
आमच्या धंद्यातही तसंच आहे,
रेघेपासून किती सोडायचं ते बोटांनीच मोजतात.

त्या रात्री हात उशीखाली जाईना.
दुसऱ्या महिन्यात शिडीवर चढलो
कृषी सेवा केंद्राचं नाव लिहायला.
काने उतरले, उकार वळले,
वरची रेघ मारायला ब्रश उचलला
तर खांद्याशी येऊन थांबला,
बैल पुलावर बुजतो तसा.
अक्षरं उभी राहिली बोडकी,
दोरी काढून घेतल्यावरही हवेत राहिलेल्या कपड्यांसारखी.
मालक खालून म्हणाला,
"पेंटर, हे तर गुजराती झालं."

परभणी, ग्राहक आयोग.
तक्रारदार: जळबा किसन साळवे, वय एकोणपन्नास, धंदा पेंटर.
विरुद्ध पक्ष क्रमांक एक: संजीवन हॉस्पिटल.
ते नाव गेटवर मीच लिहिलंय, लाल, पांढरी सावली देऊन.
'व'चं पोट जरा जास्त सुटलंय,
अठरा वर्षं खुपतंय मला.

त्यांचे वकील हळू बोलतात.
शुगर आहे ना तुम्हाला?
आहे.
शुगरवाल्यांचे खांदे आपोआप आखडतात, माहीत आहे?
मग डावा का नाही आखडला, साहेब?
बेचाळीस दिवस डॉक्टरकडं गेला नाहीत. कामून?
जाईल वाटलं दुखणं.
फ्लेक्स आल्यापासून तुमचा धंदा तसाही बसलेलाच होता, नाही का?

बसला होता.
मी उभा होतो ना पण.
हे मला तिथं सुचलं नाही,
जिंतूर नाक्यावर चहा पिताना सुचलं.

काझी मॅडमनी पावती पुढं केली, एकशेवीस रुपयांची,
बायकोनं पंचांगात जपून ठेवलेली.
मग पुष्पलता सिस्टर आली साक्षीला.
वकिलाकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाली,
"सत्तर पेशंट होते त्या दिवशी.
बसलेल्याला बसून टोचायचं, असं शिकवलंय आम्हाला.
मला खुर्ची नव्हती."
एवढंच.
तिचा राग येतो मला,
रोज सकाळी, एका बाहीपुरता.

सिव्हिलमध्ये कोनमापक लावून हात मोजला:
वर सत्तर अंश, पुढं नाही.
अपंगत्व बावीस टक्के.
उरलेले अठ्ठ्याहत्तर घेऊन एसटीनं परत आलो,
दांडीला डावा हात.

अडीच वर्षांनी निकाल.
इलाजाचे इतके, बुडालेल्या कमाईचे इतके,
मनस्तापाचे दहा हजार.
शेवटी, अक्षरी रुपये एक लाख चाळीस हजार मात्र.
मॅडम आकडा वाचत होत्या, मी टाइप बघत होतो.
कॉम्प्युटरची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत,
कुठं श्वास घेतलेला दिसत नाही.
'मात्र' हा शब्द मला सोपा आहे.
म, काना, त्र. वर मात्रा नाही, वेलांटी नाही.
रेघ सोडली तर
अजून लिहू शकतो.

ते अपिलात जाणार म्हणतात.
तोवर कृषी केंद्राची भिंत पुरी केली.
निळीत भिजवलेल्या सुतळीचं एक टोक मी धरलं,
डाव्या हातानं, कमरेशी,
दुसरं द्वारकानं खिळ्याला बांधलं,
आणि ब्रश घेऊन शिडीवर ती चढली,
पदर खोचून.
तिची रेघ थोडी डावीकडं उतरते.
मी खालून काही बोललो नाही.